खाणीकडची तळी

प्राणिशास्त्र विभागात त्याला सगळे गोगलगाय म्हणत. तळ्यातल्या गोगलगायींवर तो संशोधन करत होता हे एक कारण, आणि कुठलंही काम घाईने करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं हे दुसरं. आधी तो चिडायचा, पुढे फोनवर स्वतःच ‘गोगलगाय बोलतोय’ म्हणायला लागला. मार्गदर्शक मॅडम तेवढ्या त्याला नावाने हाक मारत. त्यांचा त्याच्यावर जीव होता, आणि हे सगळ्या विभागाला ठाऊक होतं.

तळ्यांचं पाणी तापत जातं तशा गोगलगायी कमी होतात, असा त्याच्या प्रबंधाचा निष्कर्ष होता. विद्यापीठाच्या आवारातल्या तीन तळ्यांतून तो नीट निघत होता. दगडाच्या खाणीकडची दोन तळी मात्र आडमुठी निघाली. पाणी तापलेलं, तरी गोगलगायी मजेत.

“ही दोन तळी असं का करतात ते बघायला हवं, मॅडम,” तो म्हणाला होता. “अजून एक उन्हाळा लागेल.”

मॅडमच्या बढतीची मुलाखत तोंडावर होती. त्याआधी दोघांच्या नावाचा लेख छापून यायला हवा होता.

“खाणीचं पाणी वेगळंच असतं रे,” त्या म्हणाल्या. “ती दोन वगळ. नाहीतर म्हातारा होशील इथेच.”

तो घुटमळला, पण त्याने तळी वगळली. लेख छापून आला, मॅडमना बढती मिळाली. प्रबंध सादर झाला आणि तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला. एका कॉलेजात त्याची निवड झाली होती. पदवी हातात पडली की रुजू व्हायचं, एवढंच बाकी होतं.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, बारीक आवाजाचे. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “सुरुवातीला पाच तळी आहेत. शेवटी तीनच उरली. खाणीकडची दोन गेली कुठे?”

“वगळली, सर.”

“हे कोणी ठरवलं?”

त्याने पहिल्या रांगेत बसलेल्या मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी समोरच्या बाटलीचं झाकण फिरवून आणखी घट्ट केलं. त्यांना उठून एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या उठल्या नाहीत.

“मीच ठरवलं, सर,” तो म्हणाला. “चूक झाली.”

“जे आकडे आपलं ऐकत नाहीत त्यांना घराबाहेर काढायचं, असं ना?” परीक्षक म्हणाले. सभागृहात हशा पिकला. सगळे हसले म्हणून मॅडमही हसल्या.

प्रबंध परत आला. दोन्ही तळ्यांचं काम करून पुन्हा सादर करावा, असा शेरा पडला. कॉलेजने थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसऱ्याला घेतलं.

परीक्षा झाली त्याच संध्याकाळी घरी मॅडमनी नवऱ्याला झालेला प्रकार सांगितला. तो दोरीवरचे कपडे काढत होता.

“मग तू काय म्हणालीस?”

“काही नाही.”

त्याने टॉवेलची घडी घातली आणि आत निघून गेला. त्याने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मॅडमना वाटलं.

त्यानंतर वर्गात शिकवताना मधेच त्यांचा धागा तुटायचा. न बोलल्याची कारणं त्यांना सापडत होती. सगळ्यांसमोर घाबरले, नवी बढती होती, सुचलंच नाही. पण हसल्याचं एकही कारण सापडेना.

शेवटी एका सकाळी त्या खाणीकडे गेल्या. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून जाळीतला गाळ निवडत होता. त्यांना बघून काठावर आला.

“चप्पल घसरेल, मॅडम. इकडून या.”

“मी तेव्हा बोलायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या.

त्याने जाळी झटकली. “तुम्ही बोलाल असं वाटलं होतं.”

“आणि मी हसलेसुद्धा.”

“हो, पाहिलं मी.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मॅडमना धरायला काहीतरी मिळालं असतं. तो पुन्हा पाण्यात उतरला, आणि त्या काठावर नुसत्याच उभ्या राहिल्या.

संशोधन समितीच्या पुढच्या बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. तळी वगळायचा निर्णय आपला होता, विद्यार्थ्याचा विरोध होता, आणि तो लेख आपण मागे घेत आहोत, असं त्यांनी सांगितलं. बढतीचं काय करायचं ते विद्यापीठाने ठरवावं. अधिष्ठाता अवघडले. “मॅडम, एवढं ताणायची गरज आहे का?” ते म्हणाले. मॅडम म्हणाल्या, “आहे.” बढती चौकशीत अडकली. प्रबंधाबद्दलचा निर्णय मात्र बदलला नाही, कारण काम अपुरं होतं हे खरंच होतं.

त्याच आठवड्यात तो त्यांच्या खोलीत आला. दार लोटून घेतलं, पण बसला नाही.

“मला मार्गदर्शक बदलून हवाय, मॅडम. समोरच्या खोलीतल्या सरांशी बोललोय.”

“मी समितीत सगळं सांगितलंय,” त्या म्हणाल्या, आणि म्हणताक्षणीच जीभ चावली.

“कळलं मला. बरं केलंत.” तो म्हणाला. “पण आता तुम्ही काही सुचवलंत की मी मनात दोनदा तपासून बघणार. असं काम होत नाही.”

मॅडमनी संमती दिली.

पुढचा उन्हाळा त्याने खाणीवर काढला. वर पाणी तापलं की गोगलगायी खालच्या कपारींत गारव्याला जाऊन बसतात, असं त्याला आढळलं. जे वगळलं होतं तोच त्याच्या प्रबंधाचा सगळ्यात चांगला भाग ठरला. परीक्षकांनी भर सभागृहात त्याची पाठ थोपटली. मॅडम मागच्या बाकावर होत्या. आभार मानताना त्याने त्यांचंही नाव घेतलं, इतरांसारखंच, ना कमी ना जास्त.

ती नोकरी केव्हाच गेली होती. तो लांबच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागला. जायच्या आधी विभागात सगळ्यांना भेटला, मॅडमनाही.

“काही लागलं तर कळव,” त्या म्हणाल्या.

“हो, मॅडम,” तो म्हणाला. तो कळवणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. त्याच्यामागे दार हळूच लागलं.