न घेतलेला घोट

"काठापर्यंत भरू दे," पाइप हातात धरून मबखूत म्हणाला. बोलला तो टँकरशी, पण तंबूच्या सावलीत बसलेल्या हारिबला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "मबखूतनं पाणी कमी दिलं असं कुणी म्हणायला नको. आमच्या घराण्यात पाणी मोजून देत नाहीत."

हारिबने वर पाहिले नाही. निखाऱ्यावरची कहव्याची किटली उतरवली, छोट्या वाटीत वेलदोड्याचा कहवा ओतला आणि वाटी हातावर धरून तो उभा राहिला.

"घोटभर घे, भावा. ऊन फार आहे."

"तहान नाही."

"तहान भागवायला कहवा कोण पितं?"

"मग कशाला पितात?" मबखूत हसला. "राहू दे. तुलाही ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. उन्हात कशाला घसा कोरडा करायचा."

टाकी भरली. मबखूतने पाइप गुंडाळला, व्हॉल्व्ह बंद केला आणि मागे वळून न पाहता टँकर काढला. हारिब वाटी हातात घेऊन धूळ खाली बसेपर्यंत तसाच उभा राहिला. दर आठवड्याला असेच चालायचे. मबखूतची दाढी काळी होती तेव्हापासून चालले होते, आणि आता ती कापसासारखी झाली होती.

आमच्या माळावर एक गोष्ट लहान मुलालाही माहीत असते. ज्याच्या घरचा घोट तुमच्या घशाखाली उतरला, त्याच्यावर तुम्हांला हात उचलता येत नाही. म्हणून ज्याचे रक्त घ्यायचे असते त्याच्या घरी कोणी काही पीत नाही. मबखूत हारिबच्या घरी पीत नव्हता याचा अर्थ हारिबला दर आठवड्याला नव्याने सांगावा लागत नव्हता.

दोघे सख्खे चुलत भाऊ. लहानपणी एकाच सांडणीच्या दुधावर वाढलेले. मग माळावर तेल शोधणारी कंपनी आली. तिने पहिले भोक पाडले तर तेल नाही, पाणी लागले, आणि तेही गोड. सगळ्या माळाने ते पाणी प्यायले, उंटांनी प्यायले, लोकांनी कंपनीला दुवा दिला. तेल पुढे लांब, दुसरीकडे लागले. काही वर्षांनी ते जमिनीतच आळसावले, आपण होऊन वर येईना. तेव्हा साहेबांनी ठरवले की खाली पाणी सोडायचे, म्हणजे तेल वर ढकलले जाईल. पाणी कुठले? तर हेच. विहिरीला तारेचे कुंपण पडले, फाटकाला कुलूप लागले, आणि किल्ली हारिबच्या पट्ट्याला आली. खाकी सदरा, पायात बूट. त्याची आई सगळ्यांना बोलावून बोलावून ते बूट दाखवायची.

पाऊस नसलेल्या एका वर्षी मबखूतचा बाप घासिब रिकाम्या पखाली घेऊन त्या फाटकाशी गेला.

"काका, साहेबाची चिठ्ठी आणा," हारिब कुंपणाच्या आतून म्हणाला होता. "माझी नोकरी जाईल."

"चिठ्ठी? पाण्याला?"

"नियम आहे, काका."

म्हाताऱ्याने दुसऱ्यांदा मागितले नाही. पुतण्याकडे दोनदा पाणी मागणे त्याच्या स्वभावात नव्हते. त्याने सांडणी वळवली आणि पुढच्या विहिरीची वाट धरली. ती विहीर फार लांब होती. तो सापडला तेव्हा डोक्याचे फडके घडी करून उशाला घेतलेले होते, झोपायला आडवा झाल्यासारखा. त्या दिवशीही कंपनीचे पंप धडधडत होते आणि ते पाणी जमिनीच्या पोटात परत ओतले जात होते.

टोळीचा शेख मध्ये पडला. रक्ताचे मोल म्हणून उंट देऊ केले, चांगले, तरणे. मबखूत म्हणाला, "रक्त उघडंच राहू दे." सगळ्यांना वाटले, हा आता बंदूक उचलणार. हारिबचे लोक कित्येक महिने शेकोटी न पेटवता झोपले. मबखूत मात्र शहरात गेला, गाडी चालवायला शिकला, आणि सरकारने माळावर पाण्याचे टँकर सुरू केले तेव्हा त्यातला एक घेऊन परत आला. पहिली फेरी त्याने हारिबच्या दारी केली.

तोवर तेल आटले होते. कंपनीने पंप उचलून नेले, कुंपणाच्या तारा लोकांनी शेळ्यांच्या वाड्यांना नेल्या. उपसून उपसून ती विहीरही खारी झाली होती. कोणीतरी तिच्यावर हातपंप बसवला होता, पण ते पाणी उंटच प्यायचे. हारिब तिथेच, विहिरीजवळ राहिला. दुसरीकडे कोणी त्याला शेजारी तंबू टाकू देत नव्हते.

मबखूतची बायको तफूल एकदा भाकऱ्या भाजताना म्हणाली होती, "त्याला मारतही नाहीस, सोडतही नाहीस. ही कुठली रीत?"

"मारला तर एकदाच मरेल."

"आणि असा?"

"असा माझ्या हातचं पाणी पिऊन जगेल. रोज. सकाळी उठला की पहिला घोट माझा. नमाजाला हातपाय धुईल ते पाणी माझं. झोपताना माझं." मबखूत मन लावून बोलत होता, जणू उंटाच्या चांगल्या पिल्लाचे वर्णन करीत होता. "माझ्या बापाला त्यानं घोट दिला नाही. मी त्याला आयुष्यभर पाजीन."

"आणि तू आयुष्यभर त्याच्या दारी पाणक्या."

"बाई, भाकरी करपतेय."

तो एकदाही चुकला नाही. ताप आला तरी गेला. वाळूच्या वादळात बाकीच्या फेऱ्या रद्द झाल्या, हारिबची झाली नाही. लोक म्हणायचे, एवढा इमानी पाणीवाला माळावर दुसरा नाही. मबखूत ते ऐकून मिशीत हसायचा.

मग एके दिवशी सकाळची उन्हे वर आल्यावर हारिब त्याच्या तंबूशी आला. मुलगा सालमीन त्याला हाताला धरून आणत होता. हारिबचे पाय सुजले होते, चेहरा राखेसारखा झाला होता. दारात आलेल्याला बसा म्हणावेच लागते. मबखूतने बसा म्हटले. तफूलने कहवा ओतला. हारिबने वाटी घेतली, आणि ओठांना न लावता समोर चटईवर ठेवली.

तंबूत कोणी हलले नाही. पाहुण्याने वाटी खाली ठेवली की त्याचे काही मागणे असते. घरधन्याने "पी, तुझं काम झालं" असे म्हटल्याशिवाय तो पीत नाही. आणि पाहुणा न पिता उठून गेला, तर त्या घराचे नाव जाते.

मबखूतने वाटीकडे पाहिले. "कहवा गार होईल."

"होऊ दे."

"आमच्या बायकोच्या हातचा आहे. एवढा वाईट नसतो."

मबखूतने त्याला तसेच बसू दिले. शेळ्यांची चौकशी केली, पावसाची केली. सालमीनला विचारले, "काय रे, लग्न कधी?"

"मुलगी कोण देणार, काका?" सालमीन म्हणाला.

"का? हात आहेत, पाय आहेत. बूट पण आहेत."

सालमीनने पाय मागे घेतले. तफूलने गार झालेली वाटी उचलून ओतली, ताजी भरली, पुन्हा ठेवली आणि नवऱ्याकडे रोखून पाहिले. तीही वाटी गार झाली. तिसरी भरताना ती म्हणाली, "कहवा संपत आला. माझी तरी लाज राख."

"बोल," मबखूत शेवटी म्हणाला.

"मी फार दिवस नाही," हारिब म्हणाला. "मी गेलो की माझं देणं याच्या डोक्यावर येईल. तेव्हा हा जन्मलाही नव्हता. याला मोकळा कर."

"आणि तुला?"

"माझं मी मागितलं नाही."

मबखूतला ते आवडले नाही. हा रडेल, पायाला हात लावेल, असे त्याने इतकी वर्षे मनात घोळवले होते. त्या वेळी काय बोलायचे तेही ठरवून ठेवले होते. ते शब्द आता कुठे वापरावेत त्याला कळेना.

"पी," तो म्हणाला. "मुलाचं सोडलं. तफूल साक्षीला आहे. तुझं सोडलेलं नाही."

हारिबने वाटी उचलली आणि कहवा प्यायला. हळूहळू, डोळे मिटून.

"आता रीतीप्रमाणे तीन दिवस तू माझा पाहुणा, तुला माझ्याकडून अभय," मबखूत म्हणाला. "चौथ्या दिवशी पाणी घेऊन येतो."

"ये," हारिब म्हणाला. "तू यायचा राहणार नाहीस."

खजूर उतरायच्या दिवसांत हारिब गेल्याची बातमी आली. त्या दिवशी मबखूतची फेरी दुसरीकडे होती. त्याने टँकर भरला तसा हारिबच्या घराकडे वळवला. शेवटची अंघोळही माझ्याच पाण्याची होऊ दे, असे त्याच्या मनात होते. वाटेत हे तो मोठ्याने बोलूनही गेला.

तंबूच्या मागे कापड धरून आडोसा केला होता. मबखूतने पाइप सोडायला घेतला तेव्हा सालमीन पुढे आला.

"काका, राहू द्या."

"का रे? टाकी भरलेली आहे?"

"टाकीतलं नको. बाबा सांगून गेलेत. पंपाच्या पाण्यानं अंघोळ घाला म्हणाले."

"त्या खाऱ्या पाण्यानं?"

"ते तेच प्यायचे."

मबखूतला वाटले, पोरगा दुःखाने काहीतरी बोलतोय. "कधीपासून?"

"मला कळतं तेव्हापासून. तुमचं पाणी आम्ही प्यायचो, आई आणि मी. त्यांच्या भाकरीचं पीठसुद्धा आई वेगळं मळायची, पंपाच्या पाण्यात. म्हणायचे, जो माझा कहवा पीत नाही त्याचं पाणी मी पिणार नाही. डॉक्टर म्हणाले, त्या पाण्यानंच आतलं सगळं खराब झालं." सालमीनने टँकरकडे पाहिले. "तुमच्या तंबूत प्यायले, तेवढंच."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"शपथ घातली होती."

"कसली शपथ? मला कळलं असतं तर बिघडलं काय असतं?"

"आई पण हेच विचारायची. तर म्हणायचे, मबखूतला येऊ दे. म्हातारपणी माणसाला टेकायला काहीतरी लागतं."

मबखूतच्या हातात पाइपाचे तोंड होते. ते त्याने परत खुंटीला अडकवले. दोनदा अडकवावे लागले. आडोशामागून कोणीतरी हाक दिली, "पाणी आणा."

"पाणी कोण काढतंय?" मबखूतने विचारले.

"मीच."

"तू आत जा. बापाजवळ थांब."

तो हातपंपाशी गेला. दांडा गंजला होता, फक्त धरायची जागा घासून गुळगुळीत झाली होती. त्याने बादली खाली ठेवली आणि दांडा दाबला. पहिल्यांदा नुसता वारा आला, मग गढूळ, मग स्वच्छ पाणी. सालमीन बादल्या नेत होता आणि रिकाम्या आणून ठेवत होता. भरलेला टँकर उन्हात उभा होता.

"पुरे झालं, काका," सालमीन शेवटी येऊन म्हणाला.

मबखूतने दांडा सोडला. पंपाच्या तोंडातून अजून धार येत होती. त्याने तिच्याखाली ओंजळ धरली, पाणी तोंडाशी नेले आणि प्यायले. जीभ आकसली. डोळ्यांत पाणी आले ते मिठाने. त्याने उरलेलेही प्यायले.

मग जनाजा उचलला. मबखूतने पुढचा डावा खांदा दिला. फारसे वजन नव्हते.