चुन्याचं तळं

कागदावरची बाग कुणालाच कळेना, म्हणून आर्किटेक्ट सुनेने ती मैदानावर चुन्याने आखली. लगेच नसलेल्या घसरगुंडीपुढच्या रांगेत पोरं भांडू लागली आणि नसलेल्या बाकावर, म्हणजे जमिनीवर, दोन आज्या ऐसपैस बसल्या.

सुनेचा जीव तळ्यात अडकला होता. पण वस्तीचे अध्यक्ष पडले तिचे सासरे.

"तळंबिळं रद्द! कुणाला हवंय ते?" पलीकडून गरजत ते तावातावाने तिच्याकडे निघाले. चुन्याच्या रेघेपाशी थबकले आणि तळ्याला पूर्ण वळसा घालून आले.

"बाबा, सरळ का नाही आलात?"

"बूट नवे आहेत गं," सासरे म्हणाले. मग खाली बघत पुटपुटले, "बरं, राहू दे तळं. पण कठडा लाव. पोरं पडतील."