नामांची नसाब

साखऱ्याच्या पुढच्या तांड्यावर शाळेला दोन खोल्या होत्या, बावीस लेकरं होती आणि शिकवायला एकट्या मिनाबाई होत्या. पट विसाच्या खाली गेला तर शाळा बंद, लेकरांनी साखऱ्याला जायचं, असा कागद येऊन पडला होता. साखरा तीन किलोमीटर. मधे ओढा होता, पण तो कागदात नव्हता, त्यामुळे तो ओलांडायचा कसा हा प्रश्नही कागदात नव्हता.

त्यात मार्चमध्ये गोरेगावच्या एका इंग्लिश स्कूलची जीप तांड्यावर येऊ लागली. जीपमधून स्वप्निल सर उतरायचे, कोट घालून. त्या उन्हात कोट घालणारा माणूस एकतर नवरदेव असतो नाहीतर इंग्रजी शिकवणारा, हे तांड्याला कळत होतं. आणि लग्न तर कुणाचं नव्हतं. पंधरा दिवसांत आठ घरांनी त्यांना चहा पाजला आणि नऊ लेकरं जीपमधून पाठवायचं कबूल केलं. सेनगावहून स्कूटीवर येताना मिनाबाई बाविसातून नऊ वजा करायच्या. दर वळणावर करायच्या. उत्तर काही सुधारत नव्हतं.

आठही घरांचं म्हणणं एकच. "मॅडम, तुमी लई चांगल्या हायेत. पण इंग्लिश?"

यात खोटं काही नव्हतं. तीन महिने त्या 'नाउन' शिकवत होत्या. व्यक्ती, ठिकाण किंवा वस्तूचं नाव म्हणजे नाउन, हे लेकरं आरतीसारखं म्हणायची, शेवटी टाळ्याही वाजवायची. मग 'बकेट' नाउन आहे का, असं विचारलं की सगळा वर्ग बाईंच्या तोंडाकडे बघायचा. त्या हसल्या तर 'व्हय', भुवई उचलली तर 'न्हाई'. बाईंच्या भुवयांचा एवढा अभ्यास खुद्द त्यांच्या नवऱ्यानंही केलेला नव्हता.

वाट सापडली ती मधल्या सुट्टीत. पोरं नसाब-नसाब खेळत होती. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. नायक मधे बसतो, फिर्याद ऐकतो, दोन्ही बाजूंचे लोक घसा बसेपर्यंत बोलतात, मग निवाडा होतो आणि हरलेला दंड भरतो. चौथीतली पुजा नायक होऊन विटेवर बसली होती आणि एका शेळीवर खटला चालू होता. वर्गात जी तोंडं उघडत नव्हती, ती शेळीच्या बाजूनं अशी काही बोलत होती की आपण निर्दोष आहोत हे शेळीलाही पहिल्यांदाच कळलं असावं.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या वर्गात नामं नसाबीपुढं उभी राहू लागली. कुणी 'मिल्क' व्हायचं, कुणी 'एग'. तुला मोजता येतं का? एकटा असलास तर तुझ्यापुढं 'अ' की 'ॲन'? पुष्कळ झालास तर शेपटीचा 'एस' कुठाय? एकानं बाजूनं बोलायचं, एकानं विरुद्ध, आणि हरेल त्यानं मूठभर शेंगा सगळ्यांत वाटायच्या. महिन्याभरात तांड्यावरच्या शेंगा कमी झाल्या आणि व्याकरण वाढलं. घरोघरी चौकशी मात्र शेंगांचीच झाली.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी नायक प्रेमसिंग यांनी खरी नसाब बोलावली. जीप की शाळा, एकदाचा निकाल लागू दे. स्वप्निल सर आपल्या शाळेतल्या रुद्रला घेऊन आले. रुद्र चौथीतला पहिला नंबर, गळ्यात टाय, भांग काटेकोर.

"रुद्र, व्हॉट इज अ नाउन?"

रुद्रनं एका दमात व्याख्या म्हटली, प्रकार पाचही म्हटले आणि मगच श्वास घेतला. तांड्यानं टाळ्या वाजवल्या. जीपकडे निघालेल्या नऊ लेकरांतल्या दोन पोरी भावसिंगच्या. तो उठूनच उभा राहिला.

"आता काय ऐकायचं राहिलं? गाडी चालू करा."

"बस खाली," नायक म्हणाले. "एकाच बाजूचं ऐकून उठायला ही काय तुझी सासुरवाडी हाये? मॅडम, तुमचं लेकरू."

मिनाबाईंनी आपल्या लेकरांवरून नजर फिरवली. रुद्रसारखं घडाघडा म्हणणं त्यांच्या लेकरांना येत नव्हतं. त्यांना भांडता येत होतं.

"पुजा," त्या म्हणाल्या.

पुजा उठली. "नायक, व्याख्या मला बी येती. पण नुस्तं नाव सांगून निवाडा व्हतो का? फिर्याद द्या."

"कशाची?"

"कशाची बी. इंग्लिशमदली."

"वॉटर!" मागच्या गर्दीतून तांड्यावरचा लालसिंग ओरडला.

"वॉटर मोजता येत न्हाई," पुजा म्हणाली. "त्याला 'अ' न्हाई, 'एस' बी न्हाई."

भावसिंग पुन्हा उठला. "न्हाई कसं? टँकर आला तवा म्या सोता मोजलं. बराबर बारा घागरी!"

"काका, तुमी घागरी मोजल्या. पाणी कुठं मोजलं?"

"मंग घागरीत काय दगड व्हते?"

"उपडी करा घागर," तिसरीतला दिपक बसल्या जागेवरून म्हणाला, "अन् आता मोजा."

हशा झाला. भावसिंगच्या बाजूनं चौघं उठले, पुजाच्या बाजूनं सहा. दूध निघालं, गहू निघाला, म्हैस निघाली. म्हशीवर एकमत झालं: म्हैस मोजायचीच, एकटी असली तर 'अ बफेलो'. एवढ्यात सगळ्यांत म्हाताऱ्या अनुसयाबाई गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, काहीतरी बोलल्या आणि सगळे त्यांच्याकडे वळले. दिपकनं बाईंसाठी ते मराठीत सांगितलं.

"दादी म्हंती, काहून भांडता? जे दाव्याला बांधता येतं ते मोजायचं. जे हातातून सांडतं ते मापायचं."

मिनाबाईंनी इंग्रजीची तीन प्रशिक्षणं केली होती, चहा-बिस्किटासकट. एकातही हे वाक्य नव्हतं.

नायक रुद्रकडे वळले. "बाळा, तू सांग. शुगर बांधायची का मापायची?"

"नायकसाहेब, ते पुढच्या सत्राला आहे," स्वप्निल सर घाईनं म्हणाले.

रुद्रनं टाय सैल केला आणि पोरांत जाऊन बसला. "सांडती. मापायची," तो म्हणाला. "अन् मी पुजाच्या बाजूनं बोलू का?"

"रुद्र, चल. उशीर होतोय."

"सर, थांबा ना. खटला चालू हाये."

आता नायकही हसले. मग हात वर करून त्यांनी निवाडा दिला. "पाठ केलेलं ईसरून जातं. भांडून घेतलेलं ईसरत न्हाई. तांड्याचं एक बी लेकरू जीपमदी बसायचं न्हाई."

पोरांनी असा गलका केला की जीपच्या ड्रायव्हरनं भिऊन काच वर केली. बायांनी मिनाबाईंना मधे ओढलं. बाईंना हसू आवरेना आणि भुवया कुठं ठेवाव्यात ते कळेना.

भावसिंग तेवढा फुगून आला. "मॅडम, पोरींची नावं पटावर राहू द्या. पण घागरीचा निवाडा आपल्याला पटला न्हाई. उद्या शाळेत येऊन राहिलो मी."

"या की," मिनाबाई म्हणाल्या. "पुरावा घेऊन या."

तो खरंच आला, डोक्यावर भरलेली घागर घेऊन. पुजानं त्याला तासाभरात हरवलं आणि पाणी शाळेच्या झाडांना गेलं. हजेरीत मिनाबाईंनी बावीसच लिहिले. भावसिंगचं नाव चढवायला त्यांची हरकत नव्हती, पण त्याला रकाना नव्हता.