कोशअरीकच्या बाळंतिणी मरत नाहीत

“बाळंतपणात एकही नाही?” सलोमतने विचारलं. “मिर्झा, म्हातारीला वेड्यात काढायला आलास काय?”

“एकही नाही, आपा,” सरकारी कचेरीतला दुभाषा-कारकून, मिर्झा शाकिर, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. “तीन वर्षांच्या मृत्यूंची वही आहे, त्या रकान्यात शून्य. म्हणून तर आपल्याकडे येणारी डॉक्टरीणबाई दुसऱ्या शहरात पाठवली. जिथे बायका मरतात तिथे.”

त्याने आत यावं अशी सलोमतची अपेक्षाही नव्हती. ती बायकांची प्रेतं धुणारी. तिच्या अंगणात कोणी बसत नसे, तिच्या हातचा चहा कोणी घेत नसे. घरातली बाई गेली की मात्र हेच सोवळे लोक धापा टाकत तिच्या दारात हजर. तीस वर्षं तिने हे बघितलं होतं आणि गावाबद्दल तिच्या मनात तिरस्काराशिवाय काही उरलं नव्हतं.

पण डॉक्टरीणबाईची वाट ती खरोखर बघत होती. तिची एकुलती एक लेक ओयदिन सातव्या महिन्यात होती. मागच्या खेपेला तीन दिवस वेणा देऊन मेलेलं मूल झालं होतं आणि ओयदिन कशीबशी वाचली होती.

“त्या वहीत लिहितं कोण?”

“मीच. दर गुरुवारी मोहल्ल्याचे अक्साकाल, म्हणजे वडीलधारे पंच, नोर्मत येऊन सांगतात, मी लिहितो. नाव नसेल तर नोंद नाही, असा नियम आहे. आणि परक्यासमोर बायकोचं नाव कोण घेतो? मग बायकांच्या मयती ते सांगतच नाहीत. पुरुषांचं कारण विचारलं तर एकच उत्तर, घटका भरली. मी ताप लिहितो.”

“वा! काय दिवे लावलेत!” सलोमतने डोक्यावरून परंजीचा बुरखा ओढला. “चल, पुलापर्यंत चल माझ्याबरोबर.”

गल्लीतून ती पुढे आणि तो चार पावलं मागे. पहिल्याच दारापाशी ती थांबली. “इथे दोघी. थोरली सून पहिलटकरीण, मूल आडवं आलं होतं. धाकटी गेली बाळंतज्वराने. या निळ्या दारात एक, रक्त थांबेना. इथे माय आणि मूल एकाच कफनात.” शाकिर आधी लिहीत होता. पुढे पुढे नुसता ऐकायला लागला. मशिदीच्या वळणावर नोर्मत अक्साकालचं कोरीव दार आलं.

“इथे?” त्याने हळूच विचारलं.

“इथे दोघी. सध्या तिसरी नांदते आहे. विचार त्याला, बायका मरत नाहीत तर पहिल्या दोघी काय माहेरी जाऊन बसल्यात?”

पुलापर्यंत तिच्या तीस वर्षांतल्या एकतीस झाल्या. ही एक गल्ली. गावात अशा चाळीस.

शाकिरने तिला त्याच दिवशी सरकारी रशियन डॉक्टर वेनेदिक्तोवसमोर उभं केलं. हा गृहस्थ सहा वर्षं कोशअरीकमध्ये होता, पण जुन्या गावातल्या एकाही अंगणात त्याचा पाय लागला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसा तो टेबलावरून रोगराई हाकत असे. त्याने निबंध लिहिला होता: इथल्या बायका सकाळी बाळंत होतात आणि संध्याकाळी तंदुरात रोटी लावतात, त्यांचा बांधाच तसा. तो निबंध छापून आला होता आणि गव्हर्नरसाहेबांनी शाबासकी दिली होती. आता प्रेतं धुणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून मागं कोण घेणार?

“तिला म्हणावं,” तो शाकिरला म्हणाला, “प्रत्येकीचं नाव आण आणि घरच्या पुरुषाची साक्ष आण.”

“नावं मला सगळ्यांची ठाऊक आहेत.”

“आणि साक्ष?”

सलोमतने आठवडाभर दारं ठोठावली. आतून उत्तरं आली, “चालती हो”, “अपशकुनी मेली”, “घरची अब्रू वेशीवर टांगायला निघालीस?” नोर्मतने तर कानांवर हात ठेवले. “आमच्या बायका अल्लाच्या वहीत आहेत, ती पुरे.”

“तुझी वही तुला लखलाभ,” ती म्हणाली. “तिथे तरी दोघींची नावं धड सांग, नाहीतर तिथेही म्हणशील, घटका भरली.”

जर्दाळूला फळ धरलं त्या दिवसांत ओयदिनची वेळ आली. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. मूल आतच राहिलं. शेजारणी फिरकल्या नाहीत. सलोमतने पाणी तापवलं, लेकीला एकटीने धुतलं आणि केसांच्या दोन वेण्या घालून छातीवर ठेवल्या. हात सवयीने चालले, आणि त्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.

गुरुवारी परंजी ओढून ती थेट पुरुषांच्या चहाखान्यात शिरली. नोर्मत तिथून कचेरीत निघाला होता. सगळे पेले हवेत थांबले.

“अक्साकाल, माझी लेक सांगायची आहे.”

“साक्षीला पुरुष कुठाय? जा, बाई. नसती पीडा नको.”

दारातच तिचा जावई हैदर उभा होता, पखाल वाहणारा, वाकलेला. आयुष्यात त्याने कुणापुढे तोंड उघडलं नव्हतं. सलोमतने त्याला कधी शेळपटापेक्षा मोठं मानलंच नव्हतं. तो आत आला आणि चहा पिणाऱ्या वीस पुरुषांसमोर म्हणाला, “ओयदिन. माझी बायको. बावीस वर्षांची. बाळंतपणात गेली. लिहायला सांगा.”

कोणी तरी थुंकलं. कोणी हसलं. हैदरने पुन्हा एकदा, त्याच आवाजात, नाव घेतलं.

महिना उलटल्यावर शाकिर वही घेऊन तिच्या दारी आला. या खेपेला तो अंगणात येऊन खाली बसला. तिने चहा पुढे केला, तो त्याने घेतला. “रकान्यात आता एक आहे, आपा. डॉक्टरसाहेबांनी बाजूला ‘अपवाद’ असं लिहिलंय.”

“लिहू दे. गाढवापुढे किताब वाचून काय उपयोग, म्हणतात ना. कुठे आहे ती, दाखव.”

त्याने बोट ठेवलं. सलोमतला वाचता येत नव्हतं.

“हिच्या वर कोण?”

“एक चांभार. ताप.”

“आणि खाली?”

“भटारखान्यातला म्हातारा. तोही तापच.”

तिने शाईवरून, ती पुसणार नाही असं, बोट फिरवलं. “जरा जागा सोडून लिहायचं होतंस रे, मिर्झा. परक्या पुरुषांत एकटी पडली पोर.”