किल्लीवाल्याचा नॅपकिन

नॅपकिन पुन्हा गायब होता.

किल्लीवाल्यानं बॅग बाकावर उपडी केली. हेल्मेट होतं, खांद्यांची पॅडं होती, लाँड्रीतून आलेली जर्सी इस्त्रीसकट होती. कमरेला खोचायचा पांढरा नॅपकिन तेवढा नव्हता. मागच्या सामन्यालाही हेच झालं होतं. एकदा हरवला तर आपणच विसरलो म्हणावं. दुसऱ्यांदा हरवला म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. दिवसभर लोकांची अडकलेली कुलपं उघडून देणाऱ्या माणसाचा जगावर विश्वास बेताचाच असतो, आणि याचा तर पहिल्यापासूनच बेताचा होता.

त्यानं कोपऱ्यात बूट बांधत बसलेल्या पाव्हण्याकडे पाहिलं. पाव्हणा खाली मान घालून बूटच बांधत होता, जरा जास्तच वेळ.

पाव्हणा म्हणजे लाँड्रीवाला. यंदाच पलीकडच्या गावचा क्लब सोडून इकडे आला, म्हणून त्याला हे नाव पडलं. आल्या आल्या सगळ्या संघाचे कपडे फुकट धुऊन द्यायला लागला. बाकीच्यांना तो देवमाणूस वाटला. किल्लीवाल्याला मात्र प्रश्न पडला, की इतका गोड माणूस आपला क्लब सोडून आलाच कशाला?

क्लब अमेरिकन फुटबॉलचा. लांबोळका चेंडू, आणि नाव फुटबॉल असलं तरी काम बहुतेक हातांचं. पोटापाण्याचे उद्योग आटोपून ही मंडळी संध्याकाळी एकमेकांना धडका द्यायला जमायची. किल्लीवाला त्यातला अगदी मधला गडी. त्यानं वाकून चेंडू धरायचा आणि दोन पायांमधून मागे उभ्या असलेल्या सूत्रधाराकडे टाकायचा. सूत्रधार मग तो लांब फेकणार, नाहीतर पळणाऱ्याच्या पोटात कोंबणार. यातलं काय करायचं ते आधी घोळका करून कुजबुजत ठरायचं, आणि ते समोरच्यांना कळलं की खेळ आटोपला.

गेल्या वर्षी ते त्यांना कळतच होतं. फेकायचं ठरलं की समोरचे आधीच मागे सरकलेले. पळायचं ठरलं की पुढे गर्दी करून उभे. घरात कुणीतरी घरभेदी आहे, असं सगळे बोलायला लागले. सूत्रधार तेव्हा मास्तर होते. शाळेत गणित शिकवायचे, आणि किल्लीवाल्याचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचा मेहुणा पलीकडच्या क्लबात खेळायचा, आणि संशयाला तेवढं पुरलं. मेहुणा घरी जेवायला येतो तेव्हा काय गप्पा होतात, असं सगळ्यांदेखत विचारलं ते किल्लीवाल्यानंच. हेल्मेट खुंटीला अडकवून मास्तर निघून गेले आणि त्यांच्यामागे निम्मा संघ गेला. उरल्यासुरल्यांनी यंदा नवे गडी जमवून पुन्हा घडी बसवायला घेतली, तर समोरच्यांना सगळं आधीच कळणं काही थांबेना. मास्तरांचं हेल्मेट अजून खुंटीवरच होतं.

त्या दिवशीही सामना हरून तो घरी आला. पाव्हण्याला काढायला लावतो, असं त्यानं जेवताना बायकोला सांगितलं.

"तो तर यंदा आला ना," ती म्हणाली. "मग गेल्या वर्षी कोण सांगत होतं?"

"मास्तर."

"आणि मास्तरभावजी गेल्यावर बरोबर तसाच दुसरा मिळाला? नशीबवान आहात."

किल्लीवाल्यानं पाणी मागितलं.

पुढच्या सरावाला तो सगळ्यांच्या आधी पोचला. पाव्हण्याच्या लॉकरचं कुलूप त्याच्याच दुकानातलं होतं. ते उघडायला त्याला फार खटपट करावी लागली नाही. आत त्याचे नॅपकिन होते, धुऊन, इस्त्री करून एकावर एक ठेवलेले. त्याला आनंद झाला. आपण बरोबर निघालो याचा आनंद, दुसरं काही नाही.

"दादा, मागितली असती तर किल्ली दिली असती मी."

पाव्हणा दारात उभा होता.

"चोराकडे किल्ली मागायची?"

पाव्हण्यानं बॅग खाली ठेवली. "आमच्याकडे तुमचा नॅपकिन सगळ्यांना पाठ होता. फेकायचं असलं की वाकायच्या आधी तुम्ही हात पुसता. पळायचं असलं की नाही पुसत. आमचे कोच म्हणायचे, दुसरीकडे कुठे बघूच नका, मधल्याच्या कमरेकडे बघा."

"आणि हे तू आत्ता सांगतोस?"

"कसं सांगणार? क्लबात सगळ्यात जुने तुम्ही, आणि माझ्याशी धड बोलतही नाही. म्हटलं, नॅपकिनच नसला तर सवय मोडेल. तर तुम्ही पँटला पुसायला लागलात."

किल्लीवाल्याला हीही त्याची एक चाल वाटली. चोर पकडला गेला की गोष्ट रचतोच. लॉकर तसाच उघडा टाकून तो मैदानावर गेला. घोळक्यात पहिलीच लांब फेक ठरली, तो चेंडूकडे निघाला, आणि त्याचा उजवा हात आपण होऊन कमरेकडे गेला. नॅपकिन नव्हता, म्हणून हात मांडीवर घासला गेला. त्यानं त्या हाताकडे पाहिलं. फेकायच्या वेळी मास्तर बरेच मागे उभे राहायचे; तिथवर टाकलेला चेंडू नेमका त्यांच्या छातीवर जावा, घामानं निसटून त्यांना त्रास होऊ नये, म्हणून लावून घेतलेली सवय होती ती. वाकायचं सोडून तो तिथेच उभा राहिला.

सराव थांबवून त्यानं सगळ्यांना सांगितलं. पाव्हण्याचं कुलूप न विचारता उघडल्याचंही सांगितलं. कुणी फारसं बोललं नाही. मास्तरांच्या वेळी मात्र सगळे बोलले होते.

शनिवारी सामना पलीकडच्या क्लबाशीच होता. पाव्हण्यानं स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला नॅपकिन खोचला. पळायचं ठरलं की किल्लीवाला सावकाश, सगळ्यांना दिसेल असा हात पुसायचा. समोरचे भराभर मागे सरकायचे आणि आपला गडी मोकळ्या मैदानातून पळत सुटायचा. हंगामातला पहिला सामना जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घ्यायचं ठरवलं होतं, पण तोवर तो खुंटीवरचं हेल्मेट काढून बाहेर पडला होता.

दार मास्तरांनीच उघडलं. किल्लीवाल्यानं वाटेत बरंच काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकच वाक्य आलं.

"मास्तर, तो घरभेदी मीच होतो रे."

त्यानं नॅपकिनचं सगळं सांगितलं. मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, शाळेत एखाद्याचं चुकलेलं गणित ऐकत असावेत तसं. मग त्यांनी हेल्मेट हातात घेतलं आणि त्यावरची धूळ बाहीनं पुसली.

"जिंकलात ना आज?"

"जिंकलो."

"बरं झालं," मास्तर म्हणाले. "या तुम्ही आता."

आजवर त्यांनी त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

दार लागलं. किल्लीवाला जिन्यातच उभा राहिला. आतून कुलूप दोनदा फिरलं. मागे कधीतरी त्यानंच ते बसवून दिलं होतं, मास्तर नको म्हणत असताना, जमाना चांगला नाही म्हणून. कुठेही न अडकता, अगदी व्यवस्थित फिरलं ते.