कासिमभाईंच्या पायाखालचा दुसरा ब्रेक

मित्रांनो, ट्रकमध्ये चालकाच्या उजव्या पायाशी ब्रेक असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. मी तो नव्हे. मी डाव्या सीटपुढचा ब्रेक. अशा जागी ब्रेक फक्त शिकाऊ ट्रकमध्ये असतो, कारण तिथे शिकवणारा बसतो. आता मी जुना झालो आहे. माझ्यावरचं रबर झिजून मधोमध खड्डा पडला आहे. तो कासिमभाईंच्या चपलेचा आहे.

माझा जन्म नाना पेठेतला. त्याआधी मी मोडीत निघालेल्या एका ट्रकचा क्लच होतो. दशरथ नावाच्या वेल्डरने मला कापलं, तापवून वाकवलं आणि या ट्रकच्या डाव्या बाजूला बसवलं. केबिनच्या फळीखालून त्याने एक लोखंडी दांडी नेली आणि मला चालकाच्या ब्रेकशी जोडून टाकलं. दांडीच्या टोकाला करंगळीएवढी पिन घातली.

"कासिमभाई, हा दाबला की तो आपोआप खाली जाणार," दशरथ म्हणाला. "आणि तो दाबला की हा. जुळी भावंडं समजा."

"भांडत नाहीत ना?"

"ते तुमच्या पायावर आहे."

कासिमभाई वीस वर्षं ट्रक चालवून गुडघ्याने दमलेले गृहस्थ होते. येरवड्याच्या पुढे त्यांनी ट्रक शिकवण्याची शाळा काढली, तेव्हा पुण्याला एकाएकी ट्रक कमी पडू लागले होते. चाकणला कारखाने येत होते. मग खराडीला कंप्युटरवाल्यांच्या इमारती उठू लागल्या. सिमेंट, सळ्या, फरशा, काचा, सगळं कुणीतरी आणून टाकायला हवं होतं. गावाकडून आलेली कितीतरी मुलं टेम्पो चालवायची आणि ट्रकची स्वप्नं बघायची. ती आमच्याकडे यायची.

माझं काम सोपं होतं. शिकाऊ मुलाचा पाय उशिरा पडतोय असं दिसलं, की कासिमभाई मला दाबायचे. तेही हळूच. माझ्याबरोबर पलीकडचा ब्रेक खाली जायचा आणि नेमका त्याच वेळी त्या मुलाचा पाय त्यावर पोचायचा. गाडी थांबायची. मुलाला वाटायचं, आपणच थांबवली. आधी कोण हललं, हे फक्त दोघांना कळायचं. मला आणि कासिमभाईंना.

ते सांगत का नसत, याचंही कारण आहे. त्यांना गाडी शिकवणारा उस्ताद हातात पाना घेऊन बसायचा. चूक झाली की पाना मनगटावर. कासिमभाईंचं डावं मनगट अजून सरळ वळत नाही. आपल्या गाडीत कुणी घाबरून शिकणार नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून ते ओरडत नसत. नुसतं मला दाबत. दाबून वर म्हणत, "छान थांबवलीस, बेटा."

लोक त्यांचं कौतुक करायचे. अकरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, म्हणायचे. मीही फुगून जायचो, खोटं कशाला बोलू.

आणि मग उत्तरेश्वर आला.

चोवीस वर्षांचा, सोलापूरकडचा. येरवड्यात एका खोलीत राहायचा. बायको मुक्ताई आणि नऊ महिन्यांची मुलगी सृष्टी. तीन वर्षं मार्केट यार्डातून भाजीचा टेम्पो चालवत होता. हात चांगला होता त्याचा. आरसे बघायचा, वळण असं घ्यायचा की कासिमभाई खिडकीबाहेर बघत बसायचे. पण पाय टेम्पोचा होता. टेम्पो दाबला की थांबतो. भरलेला ट्रक थांबत नाही, तो आधी पुढे ढकलतो आणि मग विचार करतो. उत्तरेश्वरचा पाय दर वेळी अर्धा श्वास उशिरा यायचा. तो अर्धा श्वास मी भरून काढायचो.

"उस्ताद, ब्रेक बाकी लोण्यासारखा हाय तुमच्या गाडीचा," तो एकदा म्हणाला. "पाय ठेवला की बसतोय."

कासिमभाई हसले. मला ते हसू आवडलं नाही, पण ब्रेकला कोण विचारतो?

शेवटच्या आठवड्यात एके दिवशी मुक्ताईही गाडीत होती. सृष्टीला लस टोचायची होती आणि दवाखाना वाटेवरच होता. ती मुलीला मांडीवर घेऊन मागच्या बाकावर बसली. सृष्टी रडली तेव्हा तिला थोपटलं, पण नजर खालीच. मला वाटलं, गाडी लागत असेल.

उत्तरेश्वर चाचणीत पास झाला. चाचणी सपाट मैदानात, रिकाम्या गाडीवर. त्यात नापास होण्यासारखं त्याच्यात काही नव्हतंच. पक्कं लायसन्स हातात आलं आणि त्याच दिवशी पोपटशेठनी त्याला कामही दिलं. पोपटशेठचे चार ट्रक होते. भोसरीहून खराडीच्या एका नव्या इमारतीला काचा पोचवायच्या, सोमवारी सकाळी सातला हजर. उत्तरेश्वरने टेम्पो सोडून दिला. शुक्रवारी पेढे घेऊन शाळेत आला, मागे मुक्ताई, तिच्या कडेवर सृष्टी. कासिमभाई केबिनच्या पायरीवर बसले होते, दार उघडं होतं, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"उस्ताद, तोंड गोड करा. सोमवारी पहिली खेप."

कासिमभाईंनी पेढा घेतला. मुक्ताई म्हणाली, "चाचा, एक विचारू?"

"विचार की."

"त्या दिवशी ब्रेक ह्यांनी लावला का तुम्ही?"

उत्तरेश्वर हसला. "हिला काय कळतंय, उस्ताद. हिनं सायकल चालवली न्हाई कधी."

"सायकल नसंल चालवली. डोळं हायत मला." ती कासिमभाईंकडेच बघत होती. "ह्यांचा पाय पोचायच्या आधी तुमचा पाय खाली गेल्याला असायचा. चार येळा बघितलं मी."

मित्रांनो, त्या क्षणी कासिमभाई सहज खोटं बोलू शकले असते. तुला तसं दिसलं असेल, एवढं म्हटलं असतं तरी विषय मिटला असता. मुलगा खुशीत होता. काम ठरलं होतं. पेढा हातात होता. मुक्ताईलाही, मला वाटतं, त्यांनी नाही म्हणावं असंच हवं होतं. कारण तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज भांडणाचा नव्हता. ताप आहे का, असं डॉक्टरला विचारावं, तसा होता.

कासिमभाईंनी पेढा परत कागदावर ठेवला.

"चार नाही, बेटी. सहा."

सृष्टीने पेढ्याकडे हात केला, तो मुक्ताईने धरून ठेवला.

"मंग मला काय येतंय?" उत्तरेश्वर म्हणाला.

"गिअर येतो. वळण माझ्यापेक्षा चांगलं घेतोस. थांबता येत नाही."

"दोन महिनं छान छान म्हणत होता की."

"म्हणत होतो."

"मी टेम्पो सोडला, उस्ताद. तुमच्या छानवर सोडला."

कासिमभाईंनी मान खाली घातली. "रविवारी सकाळी ये. गाडी भरून ठेवतो," एवढंच म्हणाले.

रविवारी त्यांनी ट्रकमध्ये वाळूची पन्नास पोती भरून घेतली. खराडीच्या पुढे नदीकडे उतरणारा एक कच्चा रस्ता होता. इमारतीचं काम रविवारी बंद, माणूस नाही, आणि उताराच्या टोकाला वाळूचा मोठा ढीग. उताराच्या माथ्यावर कासिमभाई खाली उतरले, फळीखाली हात घातला आणि माझी पिन काढली. उत्तरेश्वरला दाखवून खिशात टाकली.

"आता इकडचा ब्रेक खोटा. तुझा तेवढा खरा. त्या ढिगाच्या अलीकडे झाड आहे ना, तिथे थांबव."

मला काय झालं, कसं सांगू. दांडी सुटली आणि अंग सैल पडलं. गाडी उताराला लागली. झाड जवळ आलं. कुठल्याही उतारावरची ती जागा मला पाठ होती, इथे दाबायचं. उत्तरेश्वरचा पाय आला, नेहमीसारखाच, नेहमीच्याच वेळी. पण या वेळी त्याच्या पायाखालचा ब्रेक वरच होता. त्याला तो घट्ट लागला. त्याने दचकून पाय उचलला, मग पुन्हा सगळा जोर लावला. मागची पन्नास पोती पुढे रेटत होती. झाड मागे गेलं.

आणि कासिमभाईंनी मला दाबलं. पिन त्यांच्याच खिशात होती, तरी दाबलं. मी फळीपर्यंत खाली गेलो आणि काहीच झालं नाही.

ट्रक वाळूच्या ढिगात घुसला. एक दिवा फुटला, पुढची पट्टी वाकली. कासिमभाईंचा दुखरा गुडघा पुढे आपटला. उत्तरेश्वरने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. काचेवर वाळू उडाली होती, तीच बघत होता.

"लागलं का?" कासिमभाईंनी विचारलं.

"न्हाई. तुम्हाला?"

"मला लागायलाच पाहिजे होतं."

थोड्या वेळाने उत्तरेश्वर म्हणाला, "इथं वाळू होती. तिथं सिग्नलला माणसं असत्याल." त्याचा पाय अजून ब्रेकवर होता आणि थरथरत होता. पलीकडून ती थरथर माझ्यापर्यंत आली नाही, दांडी सुटलेली होती ना. मी ती नुसती पाहिली.

परत आल्यावर त्याने शाळेतल्याच फोनवरून पोपटशेठना सांगितलं. मुक्ताई शाळेच्या दारात वाट बघत उभी होती.

"शेठ, उद्या न्हाई जमणार. मला अजून भरली गाडी थांबवता येत न्हाई."

पलीकडून आवाज एवढा मोठा होता की केबिनपर्यंत आला. "वा. लायसन्स काय आरतीच्या प्रसादात मिळालं का तुला? बरं झालं आधी बोललास, काचा वाचल्या. दुसरा माणूस उभाच आहे."

उत्तरेश्वरने फोन ठेवला. मुक्ताईकडे बघून म्हणाला, "झालं तुझं समाधान?"

"न्हाई झालं," ती म्हणाली. "झालं की सांगते."

पुढचे पंचवीस दिवस तो सकाळी यार्डात पोती उचलायचा आणि दुपारी शाळेत यायचा. माझी पिन पुन्हा घातली गेली. वाळू गाडीतच राहिली. पण एक गोष्ट बदलली. कासिमभाईंनी मला दाबलं की ते आता मोठ्याने म्हणायचे, "माझा." एवढंच. रागाने नाही, कौतुकानेही नाही. पहिल्या दिवशी ते इतक्या वेळा म्हणाले की उत्तरेश्वरने शेवटी गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि पाठ करून उभा राहिला. कासिमभाई त्याच्यामागे गेले नाहीत. माझ्यावर पाय ठेवून बसून राहिले. ते मनगट चोळत होते. पान्याचा मार बरा होता की हे बरं, असा काहीसा विचार त्यांच्या मनात असावा. दहा मिनिटांनी तो परत आला आणि चावी फिरवली.

हळूहळू "माझा" कमी होत गेले. एखाद्या दिवशी पुन्हा वाढायचे. पाऊल उचलायची त्याची वेळ बदलत होती. आता तो रस्ता बघून नाही, तर पाठीमागचं वजन ऐकून पाय उचलायचा.

पंचविसाव्या दिवशी आम्ही पुन्हा त्या नदीच्या उताराला आलो. मुक्ताई मागच्या बाकावर बसली. तिने स्वतःच सांगितलं होतं, मी येणार. सृष्टीला शेजारणीकडे ठेवून आली होती. त्यावरून काय ते ओळखा.

कासिमभाईंचा पाय माझ्यावर होता. त्याचं वजन मला कळत होतं. उतार लागला. पाय जड झाला. माझ्या रबरावर त्यांची बोटं आवळली. दाबतात की काय, असं वाटलं, आणि तेवढ्यात मीच खाली जाऊ लागलो. कुणी न दाबता. पलीकडून. उत्तरेश्वरच्या पायाने.

गाडी झाडापाशी थांबली. कासिमभाईंनी "माझा" म्हणायला उघडलेलं तोंड मिटलं. त्यांनी मागे बघितलं.

"झालं," मुक्ताई म्हणाली.

त्याला पोपटशेठकडे काम मिळालं नाही. महिनाभराने दुसऱ्या एकाकडे सिमेंटच्या गाडीवर लागला. अजून अधूनमधून येतो आणि त्या गाडीच्या ब्रेकला नावं ठेवतो. कासिमभाईंना ते ऐकून बरं वाटतं.

मित्रांनो, गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने गंजलो असतो. पण उत्तरेश्वरच्या आधी अकरा वर्षांत शेकडो मुलं या गाडीतून शिकून गेली. सगळी "छान थांबवलीस" ऐकून गेली. कासिमभाईंनी जुनी वही काढून त्यांना पत्रं टाकली. एक दिवस या, भरलेल्या गाडीवर एक चक्कर मारू. काही आले. काही हसले. कितीतरी पत्रं परत आली, माणूस तिथे राहत नाही म्हणून.

आता शाळेत छोट्या गाड्या आल्या आहेत. खराडीच्या ऑफिसांत जाणारी मुलंमुली त्यांवर शिकतात. आमचा ट्रक आवारात उभा असतो आणि माझ्यावर धूळ बसते. मला तेल नको, रंग नको. एवढंच मागणं आहे. तुमच्या पायाखाली कुणी हळूच स्वतःचा पाय ठेवत असेल, आई असेल, बाई असतील, मोठा भाऊ असेल, तर त्यांना एकदा विचारा, आत्ता कुणी थांबवलं. आणि ते खरं बोलले तर रुसून निघून जाऊ नका.

आवारासमोरचा रस्ता उताराचा आहे. दिवसभर भरलेल्या गाड्या उतरतात. मी प्रत्येकीचा आवाज ऐकतो. ब्रेक वेळेवर लागला की मग पुढची ऐकतो.