दगडाच्या अलीकडे

फोन आला तेव्हा प्लंबरचा उजवा हात कोपरापर्यंत परक्याच्या मोरीत होता. केसांचा आणि साबणाचा काळा, बुळबुळीत गोळा नुकता मुठीत आला होता. घरमालकीण नाकाला रुमाल लावून दाराशी उभी. त्यानं डाव्या हातानं फोन कानाला धरला. पलीकडे मेहुणी होती.

"भाऊजी, घरी या. ताई गेली."

"आलोच," तो म्हणाला. आणि तरी गोळा बादलीत टाकून, पाणी ओतून, मोरी वाहती झाल्याची खात्री करूनच उठला.

तीस वर्षं त्यानं लोकांची घाण उपसली, कधी नाक मुरडलं नाही. पण बायकोच्या छातीतल्या गाठीची जखम चिघळली, वास घरभर झाला, तेव्हा त्याला पहिल्यांदा मळमळलं. पट्टी बदलायची वेळ झाली की त्याला नेमकं कुणाचं तरी तुंबलेलं काम आठवायचं. पट्टी मेहुणी बदलायची. तो खोलीच्या दारातूनच "बरं आहे ना?" विचारायचा आणि चपला पायात सरकवायचा. त्या दिवशीची मोरी तर उद्यावर ढकलली असती तरी चाललं असतं.

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकांनी प्रार्थनेत त्याच्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले. शेजारणी म्हणाल्या, "तुम्ही तिचं फार केलंत हो." त्यानं मान डोलावली. त्या मान डोलावण्याचीच त्याला सगळ्यात जास्त किळस आली.

बायको रोज सकाळी बायबलमधल्या शुभवर्तमानातला एखादाच उतारा वाचायची. मग डोळे मिटून त्या प्रसंगातल्या कुणातरी माणसाच्या जागी जाऊन उभी राहायची. चहा ओतताना विचारायची, "आज तुम्ही कोण?"

लग्नघरी येशूनं रांजणातल्या पाण्याचा द्राक्षारस केला तो उतारा होता, त्या दिवशी तो म्हणाला होता, "मी रांजण गळतात का ते बघणारा."

"तुमचं डोकं नळातून बाहेर येईल तर शपथ!"

दफनानंतर महिन्याभरानं मेहुणी आली आणि ताईचं शुभवर्तमानाचं पुस्तक काढून टेबलाशी बसली.

"ताईचं वाचन बंद पडायला नको. तुम्ही वाचा."

बायकोची खूण होती तो उतारा त्यानं काढला. ओळीखाली बोट धरून वाचू लागला. एक माणूस मरतो, चार दिवस कबरेत असतो. येशू येऊन कबरेच्या तोंडावरचा दगड बाजूला करा म्हणतो. तेव्हा मेलेल्याची सख्खी बहीणच आडवी येते. एव्हाना त्याला वास येत असेल, म्हणते.

त्याचं बोट थांबलं.

"आज तुम्ही कोण, भाऊजी?"

"ही. नका उघडू म्हणणारी." त्यानं बोट ओळीवरून उचललं. "नाही, हीसुद्धा नाही. ही निदान कबरेपर्यंत तरी गेली. थू माझ्यावर! लोकांच्या गटारात हात घालत फिरलो, आणि तिच्या खोलीत..."

मेहुणीनं समजूत घातली नाही.

"ताईला कळत होतं," ती म्हणाली. "तुम्ही दारात आलात की ती पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. तुम्हाला वास येऊ नये म्हणून. शेवटच्या आठवड्यात हाच उतारा मी तिला वाचून दाखवला होता."

"ती कोण झाली?"

"तो कबरेतला. म्हणाली, मी पडल्या पडल्या ऐकतेय, बाहेर कुणाची पावलं वाजतात का."

त्यानं दोन्ही हात टेबलाखाली घेतले. तळवे पँटवर घासत राहिला.

"पुढचं वाचा," मेहुणी म्हणाली.

त्याचे हात टेबलाखालून वर आले नाहीत. मेहुणीनं बराच वेळ वाट पाहिली, मग पिशवी उचलून ती आपल्या घरी गेली.

पुढे जेमतेम पाच-सहा ओळी आहेत. दगड सरकतो, त्या माणसाला नावानं हाक मारली जाते, तो बाहेर येतो, आणि त्याच्या अंगावरच्या पट्ट्या सोडा असं जवळच्यांना सांगितलं जातं. तेवढं वाचायचं अजून राहिलंय.